रोज लागणारे लग्न : शिकागोच्या विश्वप्रदर्शनातील रस्त्यावरचे खेळ

सर्वधर्मपरिषदेसंबंधी टिपणे काढावीत म्हणून मी स्वामी विवेकानंदांची पत्रे वाचीत होते. २० ऑगस्ट १८९३ रोजी त्यांनी अमेरिकेतून मद्रासच्या अळसिंगा पेरुमल यांना एक लांबलचक पत्र लिहिले आहे. त्यातील एका ओळीपाशी मी अडखळले. शिकागोच्या प्रदर्शनात धोतर नेसून नखचित्रे विकीत असलेल्या एका मराठी ब्राह्मणाचा तेथे उल्लेख आहे. स्वामीजी त्याला विक्षिप्त म्हणतात. त्याच वेळी कपूरथळ्याचे राजेसाहेब शिकागोत होते आणि तेथील बडी मंडळी त्यांच्याभोवती रुंजी घालीत होती. आमच्या या नखचित्रवाल्याने वार्ताहरांना गाठून राजेसाहेबांविषयी नाही नाही ते सांगितले. गंमत अशी की, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी ते सारे बोलणे छापले ते स्वामीजींच्या तोंडी घालून! हिंदुस्थानातून आलेला एक विद्वान पुरुष असे म्हणतो, म्हणून. परिणाम असा झाला की, शिकागोच्या उच्चभ्रू मंडळींनी राजेसाहेबांना घाईघाईने दूर केले.

नखचित्र म्हणजे काय हे आजच्या वाचकाला सांगावे लागेल. जाड कागद घ्यायचा, त्यावर नखाने दाबून दाबून उठाव आणायचा. पेन्सिल नाही, रंग नाही. कागद उजेडात तिरपा धरला की मगच चित्र दिसते. लोकांसमोर बसून करण्यासारखी ही कला आहे. बघणाऱ्याला चित्रापेक्षा बोटांचेच नवल अधिक.

माझ्या मनात प्रश्न आला तो असा. हा माणूस त्या प्रदर्शनात कोण होता? दुकानदार होता, कलावंत होता, की धोतरासकट स्वतःच एक बघण्याची वस्तू होता? या प्रश्नाच्या मागे लागून मी शिकागोच्या त्या प्रदर्शनातील उघड्यावरच्या खेळांची माहिती वाचली. तीच येथे मांडते आहे.

कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षे झाली त्यानिमित्त हे प्रदर्शन भरले. १ मे १८९३ रोजी अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी कळ दाबली आणि यंत्रे सुरू झाली. ३० ऑक्टोबरला ते मिटले. सहा महिन्यांत दोन कोटी सत्तर लाखांहून अधिक वेळा लोक त्याच्या दारातून आत गेले. मिशिगन सरोवराच्या काठी जॅक्सन पार्कमध्ये डॅनियल बर्नहॅम या वास्तुशिल्पज्ञाच्या देखरेखीखाली पांढऱ्याशुभ्र इमारतींचे एक नगरच उभारले होते. लोक त्याला ‘श्वेतनगरी’ म्हणत. संगमरवरी वाटणाऱ्या त्या भिंती प्रत्यक्षात प्लास्टर आणि तागाच्या धाग्यांचे मिश्रण होते, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

श्वेतनगरीचे स्वतःचे उघड्यावरचे देखावे होते, आणि ते फार गंभीर होते. मधल्या जलाशयाच्या एका टोकाला प्रजासत्ताकाची ६५ फूट उंच मूर्ती, दुसऱ्या टोकाला मॅकमॉनीज या शिल्पकाराचे भव्य कारंजे. रात्री इमारतींच्या कडांवर विजेचे दिवे लागत, गच्चीवरून प्रकाशझोत फिरत आणि कारंजांचे पाणी रंग बदली. घरात अजून रॉकेलचा दिवा असलेल्या माणसाला ते बघून काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. पाण्यात गोंडोला फिरत, आणि त्या वल्हवणारे खास व्हेनिसहून आणलेले. संगीताची जबाबदारी थिओडोर थॉमस यांच्याकडे होती. लोकांना अभिजात संगीताची गोडी लागावी अशी त्यांची इच्छा. लोकांना मात्र सूझाच्या बँडच्या तालावर पाय आपटायचे होते. ऑगस्टमध्ये थॉमस यांनी राजीनामा दिला. कलेच्या क्षेत्रात लोकशिक्षणाचे व्रत घेणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही!

परंतु लोकांची खरी झुंबड होती ती ‘मिडवे प्लेझन्स’वर. जॅक्सन पार्कपासून पश्चिमेला निघालेली ही सुमारे एक मैल लांब आणि सहाशे फूट रुंद अशी पट्टी. कागदोपत्री ती मानववंशशास्त्र विभागात मोडे आणि त्या विभागाचे प्रमुख हार्वर्डचे प्राध्यापक पटनम हे होते. म्हणजे येथे जगातील निरनिराळ्या लोकांची राहणी शास्त्रशुद्धपणे दाखवावयाची, असा हेतू. प्रत्यक्ष कारभार मात्र सोल ब्लूम नावाच्या विशीतल्या तरुणाच्या हाती गेला. हा गडी नाटकधंद्यातला. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने अल्जीरियन लोकांचे खेळ पाहिले होते आणि अमेरिकेत ते दाखविण्याचे हक्कही घेऊन ठेवले होते. प्राध्यापक आणि नाटकवाला यांच्यात कोणाची सरशी झाली असेल हे सांगावयास नको. (हाच ब्लूम पुढे अमेरिकन काँग्रेसचा सदस्य झाला आणि १९४५ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेवर अमेरिकेतर्फे सही करणाऱ्यांत त्याचे नाव आहे.)

पॅरिसचा उल्लेख आलाच आहे तर तेथील एक हकीकत सांगितली पाहिजे, कारण ‘रस्ता’ हा प्रदर्शनीय पदार्थ तेथे चांगलाच लोकप्रिय झाला. १८८९ मध्ये आयफेल मनोऱ्याच्या सावलीत कैरो शहराचा एक रस्ता उभारला होता. फ्रेंचांनी तो मुद्दाम वेडावाकडा बांधला, घरांचे रंगसुद्धा मळकट दिले. कैरोहून गाढवे आणि गाढववाले आणून त्यांच्या फेऱ्या लावल्या. त्या वर्षी प्राच्यविद्या परिषदेसाठी युरोपात चाललेले इजिप्तचे काही प्रतिनिधी पॅरिसला थांबले आणि आपल्या देशाचा हा रस्ता बघायला गेले. समोर मशीद दिसली. आत शिरतात तो काय, मशीद केवळ दर्शनी भिंतीपुरतीच! आत कॉफीचे दुकान, आणि तेथे नाच चाललेला. ती मंडळी ओशाळून बाहेर पडली. मला ही हकीकत वाचताना त्या प्रतिनिधींच्या जागी आपण असतो तर, असे सारखे वाटत होते. आपलेच गाव कोणीतरी बांधून ठेवावे, तिकीट काढून आपण ते बघायला जावे, आणि देवळाच्या दारातून आत पाऊल टाकावे तो चहाचा गल्ला!

शिकागोचा कैरो रस्ता याच कल्पनेचा सुधारलेला अवतार होता. त्याचा आराखडा मॅक्स हर्ट्झ यांनी केला होता. हे गृहस्थ खुद्द कैरोत जुन्या अरबी वास्तूंच्या जतनाचे काम करीत. तेव्हा बांधणीत बरीच प्रामाणिकता आली. जाळीदार खिडक्या, मशीद, दुकाने, उंट, गाढवे, कुस्तीगीर, तलवारबाज, वादक. आणि या सर्वांवर कळस म्हणजे लग्नाची वरात. ढोल वाजत, उंट डुलत, मागून नवरीची पालखी. ठरल्या वेळी ती रस्त्यातून निघे आणि मिडवेवरची गर्दी तिकडे धावे. रोज तीच वरात, रोज तेच लग्न. मे अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत!

आमच्या इतिहास अभ्यास मंडळात मी हा भाग वाचून दाखविला तेव्हा एका सरांनी मध्येच विचारले, “म्हणजे ते नाटकच ना? मग त्यात वाईट काय?” प्रश्न रास्त होता आणि मला लगेच उत्तर देता आले नाही. आता देते. नाटकात नट आणि प्रेक्षक यांच्यात एक करार असतो. राजाचे काम करणारा माणूस घरी गेल्यावर राजा नसतो, हे दोघांनाही ठाऊक असते. मिडवेवर हा करार मोडला होता. वरातीत ढोल वाजविणारा मनुष्य पगारी वादक आहे, त्याचा धंदा आहे, तो आज थकला आहे, हे प्रेक्षकाला कोणी सांगत नव्हते. ‘हे लोक असेच असतात’ एवढेच सांगितले जात होते. कलावंताची कला त्याच्या हातून काढून घेऊन ती त्याच्या जातीच्या नावावर जमा करावयाची, असा तो प्रकार.

नाचाच्या बाबतीत हे फारच स्पष्ट दिसते. कैरो रस्त्यावरच्या नाटकघरात आणि इतरत्र उत्तर आफ्रिकेच्या नर्तकी पोटाच्या स्नायूंचा नाच करीत. न्यूयॉर्कचे नीतिरक्षक अँथनी कॉमस्टॉक यांनी तो बंद पाडण्यासाठी बराच आरडाओरडा केला. त्यामुळे अर्थातच गर्दी वाढली. या नाचासाठी म्हणून आपण पियानोवर एक धून सहज बसविली, असा दावा ब्लूमने आत्मचरित्रात केला आहे. ती धून अमेरिकन कार्टूनपटांत साप, उंट आणि वाळवंट यांच्या सोबतीला पुढे कितीतरी वर्षे वाजत राहिली. ‘लिटल इजिप्त’ नावाची एक नर्तकी या प्रदर्शनात फार गाजली असे सांगतात. त्या काळच्या प्रदर्शनाच्या कागदपत्रांत मात्र या नावाची नर्तकी सापडत नाही. तिची कीर्ती नंतरच्या काळातली. ज्या खरोखर नाचल्या त्यांची नावे लोक विसरले आणि जी नव्हती तिचे नाव राहिले.

मिडवेच्या मधोमध जॉर्ज फेरिस यांचा आकाशपाळणा फिरत होता. पॅरिसच्या मनोऱ्याला उत्तर म्हणून बांधलेला. उंची २६४ फूट, ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसे; पन्नास सेंटला दोन फेऱ्या. २१ जूनला तो सुरू झाला. आपल्याकडच्या जत्रेतला पाळणा ही त्याचीच नातवंडे म्हणायची, फक्त आपल्याकडे तो हातांनी ढकलण्याची जुनी रीतही होती. पाळण्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून मी येथे थांबत नाही. एवढेच नोंदवते की, वरून बघणाऱ्याला श्वेतनगरी आणि मिडवे ही दोन्ही एकदमच दिसत. रॉबर्ट रायडेल या अमेरिकन इतिहासकाराने १९८४ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, या प्रदर्शनांची मांडणी वंशांची उतरंड मनावर ठसविणारी होती. गोरी, शिस्तशीर, विजेने उजळलेली नगरी हा माणसाच्या प्रगतीचा शेवट. आणि बाहेरच्या पट्टीवर बाकीचे लोक, कोणी थोडे जवळ, कोणी फार दूर.

रायडेल यांचे म्हणणे मला पटते, पण पूर्ण पुरत नाही. कारण ज्यांना तेथे ठेवले होते ते लोक गप्प बसलेले नव्हते.

लॅब्रॅडॉरहून सुमारे साठ एस्किमोंना (त्यांचे स्वतःचे नाव इनुइट) १८९२ च्या शरद ऋतूतच आणले होते. त्यांचे गाव मिडवेवर नव्हते, जॅक्सन पार्कच्याच एका कोपऱ्यात होते. थंडी सरली तरी त्यांनी केसाळ कातड्यांचे कपडे अंगातून काढायचे नाहीत, असा ठेकेदारांचा आग्रह. लोक पैसे देतात ते कातडी बघायला! त्यांनी नकार दिला. भांडण कोर्टापर्यंत गेले. शेवटी काही कुटुंबे त्या गावातून बाहेर पडली आणि त्यांनी प्रदर्शनाच्या फाटकाबाहेर स्वतःचा खेळ मांडला. तिकिटाचे पैसे आता त्यांच्याच हातात येऊ लागले.

हे वाचताना मला स्वतःची एक गोष्ट आठवली. एका सांस्कृतिक महोत्सवात आमचे लेझीम पथक गेले होते. मे महिना. खेळ संपला की आम्ही नऊवारी सोडून साधे कपडे घालणार, तोच एक संयोजक गृहस्थ आले आणि म्हणाले, “मुलींनो, दिवसभर असेच राहा. पाहुण्यांना फोटो काढायचे आहेत. मधल्या वेळात जरा इकडेतिकडे फिरा, सहज वाटलं पाहिजे.” आमच्यातली एक पटकन म्हणाली, “काका, सहज म्हणजे आम्ही जीनमध्येच असतो.” त्यावर ते हसले, पण कपडे बदलू दिले नाहीत. आम्हाला काही फार दुःख झाले असे नाही. घाम आला इतकेच. तरी लेझीम खेळताना मी खेळाडू होते आणि नंतरच्या तीन तासांत मी काहीतरी दुसरेच होते, एवढे त्या दिवशी कळले होते. त्याला शब्द मिळाला तो या एस्किमोंच्या भांडणात.

दुसरे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्वाकिउट्ल जमातीच्या काही लोकांना जॉर्ज हंट यांनी शिकागोला आणले. त्यामागे फ्रान्झ बोआस हे मानववंशशास्त्रज्ञ होते. कॅनडा सरकारने १८८४ साली कायदा करून या लोकांच्या पॉटलॅच नावाच्या समारंभावर आणि त्याच्याशी निगडित नृत्यावर बंदी घातली होती. १८८५ पासून ती अमलात आली आणि १९५१ पर्यंत टिकली. गावी नाचले तर तुरुंग. शिकागोत मात्र नाचण्यासाठीच बोलावणे! ऑगस्टमध्ये एके दिवशी त्यांनी हजारो लोकांसमोर अंगाला जखमा करून घेण्याचा एक विधी केला. प्रेक्षक हादरले, वर्तमानपत्रांनी भीषण वर्णने छापली, मिशनऱ्यांनी तक्रारी केल्या. कॅनडाचे सरकार चांगलेच अडचणीत आले, कारण त्याच प्रदर्शनात सरकारी दालनात मिशनच्या शाळांतील आदिवासी मुले सुतारकाम, शिवणकाम करून दाखवीत होती. आम्ही यांना कसे सुधारले, हे जगाला सांगायचे होते. पेज रेबमन या अभ्यासिकेने असा निष्कर्ष काढला आहे की, क्वाकिउट्ल लोकांनी हे जाणूनबुजून केले. सरकारला उत्तर देण्यासाठी त्यांनी शिकागोचे व्यासपीठ वापरले. त्यांना बघण्याची वस्तू म्हणून आणले होते. त्यांनी ‘बघाच’ म्हटले, आणि बघणाऱ्यांना बघवेना.

हे सर्वांनाच जमले असे नाही. फ्रेंच सैन्य आफ्रिकेत दाहोमीचे राज्य जिंकीत असतानाच एका फ्रेंच ठेकेदाराने मिडवेवर दाहोमीचे गाव मांडले होते आणि तेथील युद्धनृत्यांची वर्णने वर्तमानपत्रे अत्यंत हिणकस भाषेत करीत. गुलामगिरीतून निसटून मोठे नेते झालेले फ्रेडरिक डग्लस या वेळी हैती देशाच्या दालनाचे प्रतिनिधी म्हणून प्रदर्शनात होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना प्रदर्शनाच्या व्यवस्थेत स्थान नाही आणि दाहोमीच्या लोकांना मात्र हौसेने आणले आहे, याचा त्यांना संताप होता. त्यांनी आणि आयडा वेल्स यांनी निषेधाची एक पुस्तिका काढून ती हैतीच्या दालनातून वाटली. पण डग्लस यांच्या रागात दाहोमीच्या लोकांविषयीही थोडी लाज मिसळलेली दिसते. आपली तुलना यांच्याशी होते, याची लाज. पॅरिसमधील इजिप्शियन प्रतिनिधींच्या मनातही असेच काही असेल काय? आणि त्या नखचित्रवाल्याला विक्षिप्त म्हणताना स्वामीजींच्या मनात? मी प्रश्नच विचारते आहे. थोरांच्या मनात डोकावण्याचा मला अधिकार नाही.

आर्थिक मंदीमुळे उन्हाळ्यात उत्पन्न कमी पडू लागले तेव्हा व्यवस्थापकांनी श्वेतनगरीचा गंभीरपणा जरा बाजूला ठेवला. फ्रँक मिलेट या चित्रकाराकडे समारंभ आखण्याचे काम दिले. त्याने मिडवेच्या लोकांना जलाशयात आणून त्यांच्या पोहण्याच्या आणि होड्यांच्या शर्यती लावल्या. जिंकणाऱ्याला पाच डॉलर. १६ ऑगस्टला मिडवेच्या लोकांचा नाचाचा जलसा झाला. प्रदर्शनाचे बडे अधिकारी पोशाख करून त्यांच्याबरोबर नाचले आणि वर्तमानपत्रांनी त्या जलशाला जे नाव दिले त्याचा मराठीत अर्थ ‘चमत्कारिक प्राण्यांचा नाच’ असाच होईल. गर्दी वाढली हे खरे. ९ ऑक्टोबरच्या शिकागो दिनी तर एका दिवसात सात लाखांहून अधिक लोक आले आणि रात्री शोभेच्या दारूकामाने आकाश भरून गेले.

या साऱ्यांत सर्वांत धूर्त ठरला तो बफेलो बिल. घोडेस्वार, काउबॉय आणि रेड इंडियन यांचा त्याचा खेळ व्यवस्थापकांनी आत घेतला नाही. त्याने फाटकाला लागूनच जागा भाड्याने घेतली आणि दिवसाला दोन खेळ लावले. कित्येक खेडवळ प्रेक्षक तोच खेळ बघून, प्रदर्शन पाहिले अशा समजुतीने घरी गेले म्हणतात.

प्रदर्शनाची सांगताही दारूकाम आणि भाषणे यांनीच व्हायची होती. पण २८ ऑक्टोबरला शिकागोचे महापौर कार्टर हॅरिसन यांचा त्यांच्या घरी गोळ्या घालून खून झाला आणि सारे समारंभ रद्द करण्यात आले.

आता पुन्हा त्या मराठी माणसाकडे. ११ सप्टेंबरला सर्वधर्मपरिषद भरली ती जॅक्सन पार्कमध्ये नव्हे, तर उत्तरेला सात-आठ मैलांवर, शहराच्या मध्यभागी. तेथे हिंदी माणसे व्यासपीठावर बसली होती. विवेकानंद होते, जैनांचे वीरचंद गांधी होते, ब्राह्मो समाजाचे प्रतापचंद्र मजुमदार होते आणि मुंबईचे बी. बी. नगरकर होते. त्यांची नावे आणि भाषणे परिषदेच्या अहवालात छापलेली आहेत. नखचित्रे विकणाऱ्याचे नाव स्वामीजींच्या पत्रातही नाही. तो फक्त ‘मराठी ब्राह्मण’ आहे, कैरोचा ढोलवाला जसा ‘अरब’ होता तसा. पण वार्ताहर जवळ आले तेव्हा त्याने नखचित्रांविषयी सांगितले नाही, हिंदुस्थानच्या चालीरीतींविषयी सांगितले नाही. त्याने राजे म्हणजे नुसते गुलाम आहेत, असे सांगितले. त्याच्या बोलण्यात राजेसाहेबांच्या जातीविषयीचा तुच्छतेचा सूरही होता, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याचे कौतुक करायचे तर या दोषासकट करावे लागेल. बोलला मात्र तो आपल्या मनाचे, आणि श्रेय गेले दुसऱ्याकडे.

त्या उन्हाळ्यात बेंजामिन आइव्हज गिलमन या संगीताच्या अभ्यासकाने फोनोग्राफ घेऊन जावा, सामोआ, तुर्कस्तान येथील कलावंतांची आणि क्वाकिउट्ल लोकांची गाणीबजावणी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतली. शंभराच्या आसपास नळकांड्या भरल्या. आज त्या वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. जावाच्या गावातील वाद्यांचा संच शिकागोच्या फील्ड संग्रहालयात आहे. मिडवे प्लेझन्स हे नाव त्या पट्टीला अजून आहे. शिकागो विद्यापीठाच्या इमारतींना लागून तेथे लांबच लांब हिरवळ पसरलेली असते, आणि मुले चेंडू खेळतात.